गावाची लोक जैवविविधता नोंदवही कशी तयार करावी

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने आपल्या हद्दीसाठी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते, आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील जीवजाती, वाण, अधिवास आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची वही, तयार करणे हे या समितीचे मुख्य काम मानले जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये या कामाला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा देशभर नोंदवह्यांची संख्या झपाट्याने वाढली. घाईत उरकलेली नोंदवही ओळखणे अवघड नसते. तिच्यातल्या झाडांची यादी कोणत्याही गावाला लागू पडते, स्थानिक नावे जवळजवळ नसतात आणि माहिती कोणी सांगितली त्या रकान्यात एकदोन नावेच पुन्हा पुन्हा येतात. अशी वही असलेल्या गावानेही खाली दिलेल्या पद्धतीने काम नव्याने सुरू करण्यास काहीच हरकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न ग्रामसभेत पहिल्याच दिवशी विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर गिधाडांच्या उदाहरणाने देता येते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १९९०च्या दशकापासून थोड्याच वर्षांत भारतातील गिधाडांच्या तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर बंदी आली ती २००६ मध्ये. तोवर गावाबाहेर टाकलेली ढोरे कुजत पडू लागली होती आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली होती. गिधाडे फुकट करत असलेले काम किती मोलाचे होते, हे ती गेल्यावर कळले. पिकांचेही तसेच आहे. गोव्याच्या खाजण म्हणजे खाडीकाठच्या शेतीतला कोरगुट भात खारे पाणी सोसतो, अकोले-इगतपुरीकडची डांगी गाय मुसळधार पावसात टिकते. हे गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेले आहेत, आणि बियाणे किंवा वंश एकदा नष्ट झाला की ते पुन्हा घडवता येत नाहीत.

आधी समिती, मग नकाशा

समिती ग्रामपंचायत नेमते. सदस्यांची संख्या व प्रवर्ग यांबाबतचे नियम तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे मिळतात, म्हणून त्यांचा तपशील येथे देत नाही. आग्रह धरावा तो एकाच गोष्टीचा: समितीत गुरे राखणारा, रानभाजी विकणारी आणि मासेमारी करणारा माणूस असावा. पद म्हणून मिरवणाऱ्यांची भरती झाली की काम पुढे सरकत नाही.

त्यानंतर गावाचा अधिवास नकाशा काढावा. सातबाऱ्यावरून किंवा गाव नकाशावरून हद्द मिळते, पण अधिवास मिळत नाहीत. ते चालत जाऊन भरावे लागतात: ओढा, डोह, पाणवठा, देवराई, गायरान, कातळ, बांध, जुनी विहीर, स्मशानातली झाडे, गावाबाहेर ढोरे टाकण्याची जागा. महसुली कागदावर जे ‘पड’ किंवा ‘पोटखराबा’ म्हणून लिहिले आहे तेथे विशेष लक्ष द्यावे. कोकणातील सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उन्हाळ्यात काळा कातळ दिसतो, परंतु पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत आणि उथळ डबक्यांत अशा वनस्पती उगवतात ज्यांपैकी काही जगात फक्त पश्चिम घाट व कोकणातच सापडतात. सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांवर लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी राहतात. कागदावर ‘पड’ असलेली जमीन प्रत्यक्षात रिकामी नसते, आणि ही गोष्ट नकाशावर रंगवून दाखवल्याशिवाय ग्रामसभेला पटत नाही.

माहिती कोणाला विचारावी

पंचायतीच्या कार्यालयात बैठक बोलावली तर तेथे बोलणारी माणसे येतात, जाणणारी येतातच असे नाही. म्हणून वाडी-वस्तीवर जावे: कातकरीवाडी, ठाकरवाडी, धनगरवाडा, भोई किंवा कोळ्यांची आळी. कंद कोणत्या उतारावर खोल जातो, खेकडे कोणत्या दगडाखाली सापडतात, मध कोणत्या कड्यावर लागते, याची माहिती बहुधा त्यांच्याकडे असते ज्यांच्या नावावर जमीन नसते. स्त्रियांशी वेगळे बोलावे, आणि तेही स्त्री सदस्यांनीच, कारण चूल, सरपण, रानभाज्या आणि बियाण्यांची गाडगी हा त्यांचा प्रांत असतो आणि घरातल्या पुरुषासमोर त्या बहुतेकदा बोलणे त्याच्यावर सोपवतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे हे काम घरातल्या आणि परसातल्या बियाण्यांपासूनच उभे राहिले.

लोकांनीच आपल्या परिसराच्या नोंदी कराव्यात, ही कल्पना पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात देशभर रुजवली. तज्ज्ञाचे स्थान तिच्यात साहाय्यकाचे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राचे प्राध्यापक शास्त्रीय नाव ओळखून देतील, पण कोणती जात गावासाठी महत्त्वाची आहे हे गावानेच सांगायचे असते.

एक नोंद कशी लिहावी

शेवळाचे उदाहरण घेऊ. ठाणे-रायगड भागात पावसाच्या तोंडावर, ज्येष्ठ महिन्यात, झाडोऱ्याखालच्या ओलसर मातीतून शेवळाचा जांभळट-तपकिरी फुलोरा पानांच्या आधी वर येतो. सामान्य यादीत याची नोंद ‘शेवळे – रानभाजी – पावसाळा’ एवढीच होते आणि तिचा पुढे काही उपयोग होत नाही. उपयोगी नोंद पुढीलप्रमाणे वाढत जाते.

आधी स्थानिक नाव, जसे उच्चारतात तसे, आणि पाड्यापाड्यावर वेगळे असेल तर सगळी नावे. मग जागा: कोणत्या टेकाडाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या झाडांच्या सावलीत. काळ: पहिल्या वळवानंतर किती दिवसांनी दिसते आणि किती दिवस मिळते. वापर: भाजी घशाला खाजते म्हणून काकडाची आंबट फळे घालून शिजवतात, आणि बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी विकायला असतात. म्हणजे शेवळाच्या नोंदीत काकडाच्या झाडाची नोंद आपोआप जोडली जाते, आणि काकडाची झाडे तुटली तर भाजीही जाते. पुढे गोळा करण्याची रीत: फुलोरा खुडतात, कंद जमिनीत ठेवतात. येथेच खरा प्रश्न विचारावा. फुलोराच खाल्ला तर बी कधी धरणार? घरापुरते खुडणाऱ्या पाड्यावर काही फुलोरे सुटतात, पण शहरातली मागणी वाढल्यावर सुटत नाहीत. त्यामुळे ‘पूर्वी किती मिळत असे, आता किती मिळते, दूर किती जावे लागते’ हा रकाना जुन्या माणसांकडून भरून घ्यावा. शेवटी माहिती कोणी सांगितली, कोणत्या तारखेला, आणि ती लिहिण्यास त्यांची संमती आहे का, हे लिहावे.

अशा पन्नास नोंदी पाचशे नावांच्या यादीपेक्षा मोलाच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षभर लिहावे लागते

ही वही महिन्याभरात पूर्ण होत नाही. मोहाची फुले चैत्राच्या सुमारास वेचतात, करटोली आणि कुर्डू पावसात येतात, स्थलांतरित बदके थंडीत तलावावर उतरतात, आणि गवताच्या जाती गवत फुलल्याशिवाय ओळखता येत नाहीत. भिंतीवर बारा महिन्यांचा मोठा तक्ता लावून शाळेच्या मुलांनी त्यात जे दिसले ते तारखेसह भरत जावे, ही सोपी व टिकणारी पद्धत आहे. शेतातल्या वाणांची नोंद मात्र पेरणीच्या वेळी आणि काढणीच्या वेळी, दोनदा करावी. आंबेमोहोर किंवा काळभात म्हणून सांगितलेले पीक प्रत्यक्षात दुसरेच निघते, असे पुष्कळदा घडते. कोंबड्या, शेळ्या, गाई यांच्या गावठी वंशांची नोंद दारोदार फिरून घ्यावी. ती सर्वांत लवकर होते.

आयनॅचरलिस्ट, ईबर्ड यांसारख्या अॅपवर छायाचित्रे टाकल्यास ओळख पटण्यास मदत होते. फक्त एक पथ्य पाळावे: खवले मांजराचे बीळ, दुर्मीळ आमरीचे (ऑर्किडचे) झाड, गिधाडाचे घरटे यांचे नेमके ठिकाण अशा उघड माध्यमावर किंवा व्हॉट्सअॅपवर टाकू नये. नोंदवहीतही ही माहिती आणि वैदूंचे औषधी ज्ञान वेगळ्या, बंद भागात ठेवावे आणि तो भाग कोणाला, कोणत्या अटीवर दाखवायचा हे समितीने ठरावाने निश्चित करावे. सांगणाऱ्याने ‘हे लिहू नका’ म्हटले तर लिहू नये.

बंद भाग सोडून बाकी सर्व नोंदी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवाव्यात. चुका तेथेच निघतात, आणि ‘आमच्याकडच्या डोहाचे नाव राहिले’ म्हणून दोन माणसे उठतात ती पुढे कामाची ठरतात.

नोंदीवरून निर्णय

संरक्षण घडते ते येथे. वहीत जे आढळले त्यावर ग्रामसभेने ठराव करायचे असतात, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही.

मृगाच्या पहिल्या पुरात नदीतले मासे ओढ्यांतून उलटे चढत भातखाचरांकडे जातात, ते अंडी घालण्यासाठी. या चढणीच्या माशांची पोटे गाबोळीने भरलेली असतात आणि ते उथळ पाण्यात असल्यामुळे हातानेही धरता येतात. जो ओढा त्या दिवसांत आडव्या जाळ्यांनी बंद होतो त्यात पुढच्या वर्षी मासा कमी होतो, हे भोई-कोळ्यांना पुरेपूर ठाऊक असते. पूर्ण बंदीचा ठराव टिकत नाही, कारण त्या माशांवर घरे चालतात. ओढ्याच्या अर्ध्या पात्रात जाळे न लावणे, चढणीचे पहिले काही दिवस सोडणे, एखादा डोह कायमचा राखून ठेवणे, विष किंवा विजेने मासे मारणाऱ्याला दंड करणे, असे ठराव मासेमारी करणाऱ्यांनीच मांडले तर पाळले जातात.

वणव्याचेही तसेच. होळीच्या आसपास गवत चांगले यावे म्हणून डोंगर पेटवला जातो. आगीत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कोवळी रोपे आणि सरपटणारे प्राणी जळतात. थंडी संपताच गावाच्या व वनविभागाच्या हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून घ्याव्यात आणि त्यांची मजुरी ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधीच धरावी.

देवराईबाबत एक वेगळीच अडचण येते. गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांची नोंद केली तेव्हापासून अभ्यासक सांगत आले आहेत की तेथील जुने वृक्ष, महावेली आणि पाणी देवाच्या धाकाने टिकले. आज धाक कमी झालेला नाही, पण भक्ती सिमेंटकडे वळली आहे: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, फ्लडलाइट आणि ‘स्वच्छता’ म्हणून काढलेला पाचोळा व खालची झुडपे. जीर्णोद्धार मूळ चौथऱ्यापुरता राहील, पाचोळा उचलला जाणार नाही आणि वाळलेले झाड जागीच पडू दिले जाईल, एवढा ठराव मानकऱ्यांच्या सहीने झाला तर देवराई वाचते.

वृक्षारोपणाविषयी सावध असावे. गायरानावर किंवा सड्यावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ किंवा गुलमोहर लावल्याने आकडे वाढतात, गवताळ अधिवास मात्र जातो. झाडे लावायचीच असतील तर ती उजाड झालेल्या जंगलात, नोंदवहीतल्या स्थानिक जातींची, गावच्याच बियांपासून लावावीत. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत आणि जलपर्णी ही बाहेरून येऊन फोफावणारी झाडे फुलण्याआधी काढणे हे बहुतेक गावांत लागवडीपेक्षा निकडीचे काम आहे.

गावाच्या हद्दीतून व्यापारासाठी औषधी वनस्पती, डिंक किंवा इतर जैविक संसाधने नेणाऱ्यांकडून समिती शुल्क घेऊ शकते, आणि ते स्थानिक जैवविविधता निधीत जमा करता येते. विशेष महत्त्वाची जागा असेल तर ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करावी, असा प्रस्ताव राज्य मंडळाकडे पाठवता येतो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, मंदिराजवळच्या पाण्यात राहणारा एक छोटा मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा वारसा स्थळ झाली.

वही कोठे ठेवावी, कधी बदलावी

मूळ प्रत पंचायतीत, एक प्रत शाळेत आणि एक समितीकडे ठेवावी. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असू नये. दरवर्षी एका ठरलेल्या ग्रामसभेत, शक्यतो २६ जानेवारीच्या, समितीने तीनच गोष्टी वाचून दाखवाव्यात: या वर्षी नवीन काय दिसले, काय दिसायचे थांबले आणि कोणता ठराव पाळला गेला नाही. खाण, रस्ता किंवा प्रकल्पाचा प्रस्ताव आला तर जनसुनावणीत हीच वही तारखा आणि सह्यांसह मांडावी. म्हणून जुनी पाने फाडू नयेत. चूक आढळल्यास ती खोडून बाजूला दुरुस्ती, तारीख आणि सही करावी.