गुरुत्वाकर्षणाची गणितं: सूत्र पाठ, तरी मार्क का जातात? या चुका टाळा

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. सांगलीत शिकवणीच्या वह्या तपासताना दरवर्षी तेच लाल शेरे मारतोय. सूत्र सगळ्यांना येतं, गाडं अडतं अंतरापाशी.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथलं गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढा म्हटलं, की निम्मी पोरं ४०० घालून मोकळी! अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं असतं: पृथ्वीची त्रिज्या ६,४०० अधिक ४००, म्हणजे ६,८०० किलोमीटर (आणि सूत्रात घालताना त्याचे मीटर करा, बाबांनो). उत्तर येतं साधारण ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. नुसते ४०० घेतले तर अंतर जमिनीवरच्या ६,४०० पेक्षा १६ पट कमी, म्हणून ओढ जमिनीवरच्यापेक्षा १६ चा वर्ग, म्हणजे २५६ पट जास्त, म्हणजे २,५०० च्या घरात. जमिनीवर ९.८ आणि वर गेल्यावर २,५००? उत्तराखाली दोन रेघा ओढण्याआधी एवढं तरी बघावं.

"सर, मग अंतराळवीर तरंगतात कसे? तिथं गुरुत्वाकर्षण नसतंच की!" असतं. ८.७ म्हणजे जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. स्थानक आणि माणसं दोघंही एकत्र पडतच असतात. आडवा वेग इतका, की पडता पडता पृथ्वीला वळसा बसतो.

कॅपिटल जी (G, सूत्रातला गुरुत्व स्थिरांक) सगळ्या विश्वात तोच, स्मॉल जी (g, गुरुत्व त्वरण) जागेनुसार बदलतो. एककं लिहा, गोंधळ मिटतो.

वस्तुमान आणि वजन यांची गल्लत मात्र चिवट. मार्केट यार्डातलं ५० किलो हळदीचं पोतं महाबळेश्वरला नेलं तर? वस्तुमान ५० किलोच. वजन इथं ४९० न्यूटन, घाट चढल्यावर किंचित कमी. स्प्रिंगचा काटा फार नाजूक असेल तर काही ग्रॅमचा फरक दाखवेल. तराजूवर तोही नाही, कारण मापंही तेवढीच हलकी झालेली असतात.

शेवटची चूक लबाड आहे: बलाच्या सूत्रात अंतराचा वर्ग करायला विसरणं. उसानं भरलेले दोन ट्रक, प्रत्येकी १०,००० किलो, केंद्रांमध्ये ५ मीटर अंतर. ढोबळमानानं बल ०.०००२७ न्यूटन. वर्ग विसरलात तर ०.००१३. दोन्ही उत्तरं इतकी बारीक, की नुसतं बघून काही कळत नाही. इथं एककांचा हिशेब करा. वर्ग राहिला असेल तर शेवटी न्यूटनऐवजी न्यूटन-मीटर उरतं.