मामा नवरीला घेऊन येतो तेव्हा: डीएसएलआरवर व्हिडिओ घेताना चालत्या माणसाचा फोकस कसा टिकवावा

मंगलाष्टकांआधी मामा नवरीला बोहल्याकडे घेऊन येतो. हे चालणं पुन्हा टिपायला मिळत नाही, आणि फोकससाठी ते फार अवघड. आडव्या चालणाऱ्या माणसाचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. समोरून येणाऱ्याचं मात्र पावलागणिक बदलतं.

आधी आपला कॅमेरा ओळखा. व्हिडिओ घेताना डीएसएलआरचा आरसा वर उचललेला असतो, म्हणून फोटोच्या वेळचा वेगवान ऑटोफोकस कामाला येत नाही. कॅननने २०१३ साली ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस (आरसा वर असतानाही सेन्सरवरूनच फोकस धरणारी सोय) आणला. तो असेल तर मूव्ही सर्वो (चित्रीकरणात सतत फोकस जुळवत राहणं) चालू करा, चेहरा ट्रॅकिंग निवडा आणि स्क्रीनवर नवरीच्या चेहऱ्यावर बोट ठेवा. नाहीतर कॅमेरा मामालाच धरून बसेल. निकॉन डी५६०० सारख्या कॅमेऱ्यात फोकस चालू चित्रीकरणात मागेपुढे चाचपडतो. तिथे मी सरळ मॅन्युअल, म्हणजे लेन्सची रिंग हाताने फिरवून घेतलेला फोकसच वापरायला सांगेन.

मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र: एफचा आकडा लहान, तितकं ते मोठं. क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर, ५० एमएमची लेन्स, माणूस ३ मीटरवर: एफ/१.८ ला जेमतेम २५ सेंटीमीटर पट्टा स्पष्ट राहतो, एफ/८ ला मीटरभराहून जास्त. मागची धूसर रोषणाई मोहात पाडते, पण नवरी अर्ध्या पावलात त्या २५ सेंटीमीटरबाहेर जाते. एफ/५.६ च्या आसपास राहा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवेही सहसा लुकलुकत नाहीत. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवा: थोडा दाणेदार चेहरा चालतो, धूसर चालत नाही.

मॅन्युअलची खरी तयारी पाहुणे येण्याआधी होते. खुर्च्यांच्या रांगा आयत्या खुणा असतात. सहकाऱ्याला कॅमेऱ्यापासून ६, ४ आणि ३ मीटरवरच्या रांगांशी आळीपाळीने उभं करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) चित्र मोठं करून त्याच्या डोळ्यांवर फोकस घ्या आणि लेन्सच्या रिंगवर कागदी टेप लावून पेन्सिलीने रेघ मारा. मग त्याला नवरीच्या संथ चालीने चालायला लावा आणि तो रांगेशी पोचेल तेव्हाच रेघ जुळेल अशी रिंग फिरवा. हात बसेपर्यंत हे करत राहा. भाड्याने वेगळ्या कंपनीची लेन्स आणली असेल तर जास्तच, कारण कॅनन आणि निकॉनच्या रिंगा उलट दिशांना फिरतात. एसटीएम (स्टेपिंग मोटरच्या) लेन्सवर या रेघांचा भरवसा धरू नका. तिथे रिंग फक्त मोटरला इशारा देते, रेघ जागेवर राहीलच असं नाही.

चित्रीकरण चालू असताना झूम करू नका. किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सचा) फोकस झूमबरोबर सरकतो आणि सगळ्या रेघा वाया जातात. जवळचं दृश्य हवं असेल तर नवरीला जवळ येऊ द्या, ती येतेच आहे.