सासूबाईंचं ग्रीन कार्ड: दुसऱ्या खेपेला केलेली तयारी

सासूबाईंची पहिली फाईल आम्ही २०२३ मध्ये टाकली, ५३५ डॉलर भरले आणि ती नामंजूर होऊन आली. दुसरी टाकेपर्यंत फी वाढून ऑनलाइन ६२५ झालेली (कागदावर भरला तर ६७५). पैसे गेले, वर्षाच्या वर वेळ गेला, आणि सांगलीत एकट्या राहणाऱ्या सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "काय हो, माझ्या कागदांचं काही कळलं का?" विचारायच्या तेव्हा मी फोन बायकोच्या हातात देऊन भांडी घासायला पळायचो. त्यामुळे हे लिहून ठेवतोय. अमेरिकेपुरतंच आहे, कॅनडावाल्यांनी वाचून उपयोग नाही.

पहिलं म्हणजे जावई काही करू शकत नाही. सूनही नाही. आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज, म्हणजेच पिटिशन) भरायचा तो पोटच्या मुलीने किंवा मुलाने, वय २१ पूर्ण, आणि ती सिटिझन असली पाहिजे, ग्रीन कार्डवर आईवडिलांना बोलावता येत नाही. आई आणि वडील दोघं असतील तर दोन वेगळे फॉर्म, दोन फिया, एकाच्या शेपटीला दुसरं येत नाही. वडिलांसाठी त्यांच्या लग्नाचा पुरावाही जोडावा लागतो, आईसाठी तेवढं मागत नाहीत, मुलीचा जन्मदाखला आणि सिटिझनशिपचा पुरावा एवढंच. आणि हे "एवढंच" वाचूनच आम्ही फसलो.

आता नाव. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, नाव विसरू नका. सासूबाईंचं माहेरचं नाव विमल. १९७५ ला लग्न झालं, सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने "सुमती" लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या सुमती. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, फॅमिली पेन्शन, सगळीकडे सुमती. पण माझी बायको त्यांचं पहिलं मूल, म्हणजे बाळंतपण माहेरी, आणि नगरपालिकेत नोंद करायला गेले तिचे आजोबा, आणि आजोबांच्या तोंडी लेकीचं नाव शेवटपर्यंत विमलच होतं. जन्मदाखल्यात आईचं नाव: विमल. हा दाखला आम्ही कितीदा हाताळला असेल, स्कॅन केला, लॅमिनेट केला (तेही करू नका), पण कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण घरात सगळ्यांना माहीतच आहे की विमल म्हणजे सुमती. फाईल बघणाऱ्या माणसाला कुठून माहीत असणार? त्याच्यासमोर एका बाईचा पासपोर्ट आणि भलत्याच बाईच्या मुलीचा दाखला. त्यात आय-१३० मध्ये आईची "इतर नावं" विचारणारा रकाना आहे, तिथे आम्ही बिनधास्त "नाही" लिहिलेलं.

मग जादा पुरावा मागणारं पत्र आलं, ८४ दिवसांची मुदत. आम्ही सांगलीत नोटरीकडून सासूबाईंचंच प्रतिज्ञापत्र करून घेतलं, "सुमती व विमल या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे", आणि पाठवून निवांत बसलो. ज्या बाईबद्दल शंका आहे तिनेच सांगायचं की शंका नको, हा काय पुरावा झाला का! आता कळतंय.

तर दुसऱ्या वेळी काय जमवलं ते सांगतो. दोन्ही नावं एकाच कागदावर किंवा कागदांच्या साखळीत यायला पाहिजेत, मुद्दा एवढाच. विमलचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर जन्मतारीख, आणि तीच तारीख सुमतीच्या पासपोर्टवर. लग्नपत्रिका. हो, लग्नपत्रिका! मामांच्या ट्रंकेत, देवाच्या पोथीत घडी घालून ठेवलेली एक सापडली, कडेला हळदीचं बोट लागलेलं, त्यावर "चि. सौ. कां. विमल", वडिलांचं नाव, खाली सासऱ्यांचं पूर्ण नाव, तारीख, कार्यालय. तो कागद हातात आला तेव्हा बायको रडली, मी सरळ स्कॅनरकडे पळालो. लग्नाची सरकारी नोंद कधी झालीच नव्हती आणि सासरे २०१९ ला गेले, आता नोंदणी कोण करणार? तुमच्याकडचे दोघं हयात असतील तर आजच्या आज नोंदणी करून घ्या, उशिरा होते, चार खेपा घालाव्या लागतात पण होते, आणि अर्जात बायकोचं लग्नाआधीचं नाव लिहायला लावा.

मग दोन प्रतिज्ञापत्रं, सासूबाईंची नाही, दुसऱ्यांची. त्या घटनेच्या वेळी हयात असलेली आणि स्वतः माहिती असलेली माणसं हवीत: आमच्याकडे थोरले मामा आणि एक मावशी. त्यात त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, त्यांची स्वतःची जन्मतारीख आणि जन्मस्थळ, नातं काय, आणि हे त्यांना कसं माहीत हे सविस्तर पाहिजे. वकील साचा काढून "वरील मजकूर खरा व बरोबर आहे" असं दोन ओळीत उरकतो, त्याला उरकू देऊ नका. मामांनी लिहून दिलं की मी लग्नाला हजर होतो, नाव बदललं तेव्हा समोर होतो, आणि भाचीच्या जन्माची नोंद करायला वडिलांच्या सायकलवर मागे बसून मीच गेलो होतो. असं पाहिजे.

जन्मदाखल्यात दुरुस्तीही होते. मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला शेरा मारतात आणि नवीन प्रत देतात. आम्ही ती केली, पण नवीन प्रतीबरोबर जुनीही जोडली आणि एका पानावर का बदललं ते लिहिलं, कारण पहिल्या फाईलमध्ये जुनी गेलेलीच होती, लपवाछपवी वाटायला नको. कुणी सांगेल राजपत्रात नाव छापून आणा. आणा हवं तर, पण ते आज छापलेलं असतं, १९७५ चा दुवा त्याने जुळत नाही, तेवढ्यावर विसंबू नका. आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतंच, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं वाक्य. हे दोन माणसांकडून करून घेऊ नका. आमच्याकडे एकाने विमल व्हीने लिहिलं, दुसऱ्याने डब्ल्यूने, रात्री एकला पकडलं नसतं तर तिसरं नाव जन्माला आलं असतं.

सासूबाईंचा स्वतःचा जन्मदाखला अर्थातच नव्हता. या पिढीत कुणाचाच नसतो. जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत तीच दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळेचा दाखला. नोंद नसल्याच्या दाखल्यात कुठलं नाव? माहेरचं, जन्माच्या वेळचं! आणि शक्य असेल तर "ऊर्फ" घालून दोन्ही. ग्रामसेवक आधारकार्ड बघून परस्पर सुमती लिहून मोकळा झाला होता, मामांनी परत पाठवलं.

मधेच एक. "टुरिस्ट व्हिसावर आणा आणि इथेच फॉर्म भरून टाका" असं सांगणारा एक काका प्रत्येक गणेशोत्सवात भेटतो. राहायचा बेत मनात ठेवून व्हिजिटर म्हणून आणणं म्हणजे विमानतळावर खोटं बोलायला लावणं, तेही सत्तरीच्या बाईला. नको. आणि आय-१३० टाकल्यावर नवीन व्हिजिटर व्हिसा मिळणं अवघड होतं हेही लक्षात ठेवूनच टाका.

आय-१३० मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे इंटरव्ह्यूआधी फी आणि कागद घेणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्राकडे. तिथे ३२५ डॉलर व्हिसा अर्जाचे आणि १२० उत्पन्नाच्या हमीपत्राचे, मग डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज ऑनलाइन. त्यातही "इतर नावं" आहे. भरा!! विमल लिहा. पाचवेळा सांगतोय असं वाटत असेल तर वाटू दे.

हमीपत्र म्हणजे आय-८६४. इथे कमावणारा मी, बायको सध्या घरी, म्हणून मला वाटलं मी भरणार. नाही. जिने पिटिशन केलं तिनेच आय-८६४ भरायचा, तिचं उत्पन्न शून्य असलं तरी, आणि एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याने आय-८६४ए भरून आपलं उत्पन्न त्यात घालायचं. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पाहिजे, माणसं मोजताना येणारी व्यक्तीही धरायची. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई म्हणजे पाच, २०२५ च्या तक्त्यात ४७ हजार डॉलरच्या जरा वर. शेवटच्या वर्षाचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरून काढा, जॉइंट रिटर्न असेल तर डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) जोडा. सही करण्याआधी वाचा मात्र: ही जबाबदारी सासूबाई सिटिझन होईपर्यंत किंवा त्यांच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत किंवा कायमच्या परत जाईपर्यंत राहते, आणि घटस्फोटाने सुटत नाही. बायको सुटेल, सासूबाई सुटणार नाहीत. बायकोने हे वाचून दाखवलं तेव्हा जरा जास्तच हसली.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर बारा महिने किंवा जास्त दुसऱ्या देशात राहणं झालं असेल तर तिथलंही, मस्कत-दुबईवाल्या सासऱ्यांनी हे आधी बघा.

मेडिकल ठरलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच, आपल्या फॅमिली डॉक्टरचं चालत नाही. पूर्वी कधी टीबी झाला असेल तर उपचाराचे जुने कागद शोधा आणि मेडिकल इंटरव्ह्यूच्या बरंच आधी करा. मित्राच्या वडिलांच्या एक्स-रेत जुना डाग दिसला, तीन दिवस सकाळी थुंकी दिली आणि कल्चरसाठी आठ आठवडे थांबले, इंटरव्ह्यूची तारीख गेली.

इंटरव्ह्यू मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत, त्याआधी बोटांचे ठसे वेगळ्या अपॉइंटमेंटला. सगळे ओरिजिनल, लॅमिनेट न केलेले. सासूबाईंना मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगायचं. आम्ही त्यांच्याकडून एकच प्रश्न घोटून घेतला, "विमल कोण?" उत्तर: "मीच. लग्नात नाव बदललं." विचारलंच त्यांनी. पत्रिका काचेखालून आत सरकवली.

पुढचं भराभर. व्हिसाची मुदत मेडिकलवर ठरते, साधारण सहा महिने, त्याच्या आत अमेरिकेत शिरायचं. २३५ डॉलरची इमिग्रंट फी निघण्याआधी भरा, नाहीतर कार्ड येत नाही. आल्यावर ६० दिवसांत मार्केटप्लेसचा (सरकारी इन्शुरन्स बाजार) हेल्थ इन्शुरन्स घ्या, मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) विकत घ्यायला पाच वर्षं राहणं लागतं. भारतातली खाती आणि एफडी मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरा. सांगलीला मुक्काम लांबणार असेल तर सहा महिन्यांच्या पुढे प्रश्न, वर्षाच्या पुढे कार्डच धोक्यात; री-एंट्री परमिटचा (जास्त दिवस बाहेर राहून परत येण्याचा परवाना) अर्ज इथे असताना करायचा, तिकडून होत नाही.

कार्ड आलंय. त्यावर सुमती. मामांचा फोन आला की अजून विचारतात, "विमल रुळली का तिकडे?"