सीपीआर कधी द्यायचा? आचक्याला श्वास समजू नका, आणि या चुकाही टाळा

लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता पन्नाशीतले एक गृहस्थ कोसळले. हातातलं जिलब्यांचं ताट उपडं झालं. कुणी पंखा वळवला, कुणी साखर आणायला धावलं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाहून पोचले तेव्हा एक काका सगळ्यांना धीर देत होते, "घाबरू नका, श्वास चालू आहे."

मी वाकून पाहिलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडायचं, घोरल्यासारखा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, पुन्हा एक आचका. याला श्वास म्हणत नाहीत.

प्रथमोपचाराच्या वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते, कारण माणसं इथेच फसतात. हृदय अचानक बंद पडलं की पहिली काही मिनिटं अनेकांना असे आचके येतात. त्यातून शरीराला पुरेशी हवा मिळत नाही. आपण त्याला 'घरघर लागली' म्हणतो आणि दोनपैकी एक चूक करतो. एक तर श्वास आहे म्हणून वाट बघतो, नाहीतर सगळं संपलं असं धरून तोंडात पाणी घालतो. खरं तर आचके येतात म्हणजे मेंदूत अजून धुगधुगी आहे. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाचं काम चालू ठेवायला छाती दाबणं, तो द्यायचा याच वेळेला.

ठरवायला दोनच प्रश्न पुरतात. खांदे हलवून मोठ्याने हाक मारल्यावर माणूस ओ देतो का? छाती नेहमीसारखी वरखाली होते का? यासाठी 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. दोन्ही उत्तरं 'नाही' आली, किंवा श्वासाबद्दल शंका वाटली, की 108 किंवा 112 ला फोन लावा, तो स्पीकरवर ठेवा आणि सुरू करा.

नाडी शोधत बसू नका. गडबडीत शिकलेल्या माणसालाही ती पटकन सापडत नाही आणि घाबरलेल्याला आपल्याच बोटांतले ठोके जाणवतात.

फिट समजून थांबणं ही दुसरी मोठी चूक. हृदय बंद पडताना काही क्षण अंगाला झटके येऊ शकतात. मग चप्पल हुंगवणं, कांदा फोडणं, मुठीत किल्ल्या देणं सुरू होतं. यातलं काहीच फिटवरही चालत नाही. झटके थांबले की लगेच श्वास बघा.

"बरगडी मोडली तर?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. मोडू शकते, आणि ती नंतर भरूनही येते. गरज नसलेल्या माणसाची छाती थोडा वेळ दाबली गेली, तर गंभीर इजा क्वचितच होते. तो कण्हेल, तुमचा हात ढकलेल, तेव्हा थांबा. पण हृदय बंद असताना छाती दाबली नाही, तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणूनच बेशुद्ध माणसाला उचलून रिक्षात कोंबणं मला सगळ्यात जास्त सलतं. रिक्षात छाती नीट दाबताच येत नाही. पलंगावर असेल तर खाली जमिनीवर घ्या.

बाई कोसळली की पुरुष हात आखडता घेतात. कृपा करून घेऊ नका. बाकीच्यांना पाठ करून आडोसा करायला सांगा आणि दाबायला लागा.

दाबायचं कसं? छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दरवेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास द्यायला शिकला नसाल, तर नुसती छाती दाबा. बुडालेल्या माणसाची आणि लहान मुलांची गोष्ट वेगळी. तिथे आधी हवेची कमतरता झालेली असते, त्यामुळे जमत असेल तर श्वासही द्या. विहिरीतून काढलेल्याला उलटं टांगणं किंवा पाणी काढायला पोट दाबणं यात मोलाची मिनिटं जातात.

उलट बाजूचीही चूक होते. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, पण माणूस बोलतोय, त्याला सीपीआर नको. त्याला बसवा आणि 108 ला फोन करा. 'जोरजोराने खोकत राहा' या फिरत्या मेसेजवर विसंबू नका. चक्कर आली, साखर उतरली किंवा दारू जास्त झाली म्हणून माणूस बेशुद्ध आहे, पण श्वास नीट चालू आहे, अशा माणसाला कुशीवर वळवा. त्याच्या तोंडात साखर किंवा पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. श्वासावर मात्र नजर ठेवा.

आणि मधेच थांबू नका. त्या हॉलमध्ये मी दमल्यावर केटरिंगच्या एका पोराने जागा घेतली. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनी एक मोठा आचका दिला, तशी कुणीतरी ओरडलं, "आले शुद्धीवर!" पोराचे हात थांबले. मी म्हटलं, "डोळे उघडले का? हात हलवला? मग दाब." दर दोन मिनिटांनी माणूस बदलत आम्ही दाबत राहिलो, 108 च्या डॉक्टरांनी शेजारी गुडघे टेकून "आता मी घेतो" म्हणेपर्यंत.