इंजेक्शन बसवताना स्पीड सेन्सरची वायरिंग

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीवर जनरल मोटर्सचे थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (कार्ब्युरेटरच्या जागी बसून इंधन फवारणारी यंत्रणा) बसवताना गाडीचा वेग कळवणारा स्पीड सेन्सर हमखास वगळला जातो, कारण त्याच्याशिवायही इंजिन चालते. मात्र गाडी थांबत असताना आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनची गती) सांभाळण्यासाठी ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हाच सिग्नल लागतो आणि तो नसेल तर चौकातल्या लाल दिव्याशी पोहोचता पोहोचता इंजिन बंद पडू शकते व कोड २४ (स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा कोड) येतो.

आधी वायरी मोजाव्यात. दोन वायरींचा सेन्सर बहुधा चुंबकीय असून वेगाबरोबर वाढणारा एसी व्होल्टेज देतो. त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन, इग्निशन कॉइल व प्लगच्या वायरींपासून दूर न्याव्यात आणि शील्ड (वायरींवरचे धातूचे आवरण) असल्यास ती फक्त ईसीएमच्या टोकाला अर्थ करावी. हा सिग्नल ईसीएमच्या चौकोनी पल्सच्या इनपुटला थेट जोडू नये. मध्ये बफर (एसी सिग्नलचे चौकोनी पल्समध्ये रूपांतर करणारे सर्किट) लागतो. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला (चुंबकीय क्षेत्र ओळखून पल्स देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरला) सप्लाय, अर्थ आणि सिग्नल असतात. त्यांचा क्रम रंगावरून ठरवू नये, कारण जुन्या गाडीत आधीच्या मेकॅनिकने काय जोडले असेल याचा भरवसा नसतो.

जोडण्यापूर्वी गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे: चुंबकीय सेन्सरवर मल्टिमीटर एसीवर ठेवल्यास काटा किंचित हलतो.