पोस्टरवरचं नेपाळ आणि पायाखालचं नेपाळ: अन्नपूर्णा बेस कॅम्पचा बेत कसा आखावा

नेपाळ अधूनमधून 'भ्रमण वर्ष' जाहीर करतं. पहिलं १९९८ मध्ये झालं, मग २०११ मध्ये आणि सर्वांत मोठा गाजावाजा झाला तो २०२० च्या वर्षाचा. लक्ष्य होतं वीस लाख पर्यटकांचं. १ जानेवारीला काठमांडूच्या दशरथ रंगशाळेत उद्घाटन झालं. यतीचे रंगवलेले पुतळे उभे राहिले आणि हे यतीसारखे दिसतच नाहीत म्हणून त्यांच्यावर भरपूर टीकाही झाली. मार्चमध्ये कोरोना आला आणि मोहीम तिथेच आटोपली. २०१९ मध्ये जवळपास बारा लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२० मध्ये अडीच लाखसुद्धा आले नाहीत.

अशा मोहिमेच्या पोस्टरवर निळं आकाश आणि पांढरी शिखरं असतात. तिथे कोणत्या महिन्यात जायचं आणि किती रात्री कोणत्या उंचीवर काढायच्या, हे पोस्टर सांगत नाही. नेपाळमधले बहुतेक बिघडलेले ट्रेक या दोन प्रश्नांवरच बिघडतात. म्हणून इथे अन्नपूर्णा बेस कॅम्पचा (४,१३० मीटर) बेत आखू. पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्याला एव्हरेस्ट बेस कॅम्पपेक्षा (५,३६४ मीटर) हाच बरा. उंची कमी, दिवस कमी, आणि लुक्लाच्या (एव्हरेस्टची वाट जिथून सुरू होते त्या गावाच्या) विमानावर अवलंबून राहावं लागत नाही. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची. ढग उतरले की उड्डाणं रद्द होतात. गर्दीच्या मोसमात बरीचशी विमानं काठमांडूऐवजी चार-पाच तासांवरच्या रामेछापहून सुटतात. त्या वाटेला जाणाऱ्याने हाताशी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत.

महिना

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असतं आणि गर्दीही तेव्हाच सर्वाधिक. मार्च-एप्रिलमध्ये लालीगुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, पण दुपारनंतर ढग चढतात, त्यामुळे चालणं सकाळी उरकायचं. जून ते सप्टेंबर पाऊस, जळवा आणि दरडी. त्या काळात जायचंच असेल तर पर्जन्यछायेतला मुस्तांग किंवा मनांग पाहावा, बेस कॅम्प नको. हिवाळ्यात वाट उघडी असते, पण बेस कॅम्पच्या वाटेवरच्या देउराली मुक्कामाच्या वर हिमस्खलनाचा धोका वाढतो. १७ जानेवारी २०२०ला, म्हणजे भ्रमण वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, देउराली आणि हिंकू गुहेच्या दरम्यान बर्फाचा कडा कोसळून चार कोरियन पर्यटक आणि तीन नेपाळी माणसं गाडली गेली.

ऑक्टोबरला 'हमखास' समजू नये. १४ ऑक्टोबर २०१४ला बंगालच्या उपसागरातल्या हुडहुड चक्रीवादळाचा उरलेला जोर अन्नपूर्णेच्या भागात पोहोचला आणि थोरोंग ला खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरात वादळ असेल तर खालच्या गावात दोन दिवस थांबणं हाच शहाणपणा.

आणखी एक गोष्ट तारखा ठरवताना विसरली जाते. दशैं (नेपाळचा दसरा) आणि तिहार (दिवाळी) याच मोसमात येतात. दशैंच्या आधीच्या दिवसांत अख्खं काठमांडू गावाकडे निघतं, बसमध्ये जागा मिळत नाही. सणाच्या मुख्य दिवसांत सरकारी कचेऱ्या बंद, कित्येक गाइड आणि भरिया (ओझं वाहणारे) घरी. आपल्या दसऱ्याच्या आसपासचा आठवडा टाळला तर बरंच सोपं जातं.

कागद आणि पैसे

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर विसंबून विमानतळ गाठणारे काउंटरवरूनच परत फिरतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना यात सवलत आहे. ट्रेक पोखरा शहरातून सुरू होतो; रस्त्याने तिथे जायचं तर उत्तर प्रदेशातली सुनौलीची सीमा सोयीची. तिथून पोखरा सुमारे १८० किलोमीटर, पण डोंगरी रस्ता असल्याने आठ तास धरावेत. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. परतीच्या बस-विमानाच्या वेळा बघताना हे ध्यानात ठेवा.

भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० रुपये होतात. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस नको. भारतीय १०० आणि त्याखालच्या नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम मात्र बदलत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात चालू नियम पाहून घ्या. शहरातल्या बऱ्याच दुकानांत नेपाळच्या 'फोनपे'च्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं. डोंगरात त्याचा भरवसा धरू नका. सगळ्या ट्रेकची नेपाळी रोकड पोखरातच काढायची, आणि एका दिवसाची जास्तच.

परवान्यांपैकी पहिला अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा. सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, इतर परदेशीयांना ३,०००. दुसरं टिम्स कार्ड (ट्रेकरची नोंदणी), भारतीयांना तेही १,००० रुपये, आणि ते नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतं. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड सोबत घ्यावा लागतो. भारतीयही यात परदेशीच. शनिवार हा नेपाळचा सुटीचा वार. शुक्रवारी रात्री पोखरात पोहोचून शनिवारी सकाळी चालायला लागायचा बेत असेल, तर परवाने आधीच काढून घ्या. परवाना न घेता नाक्यावर पोहोचल्यास दुप्पट शुल्क पडतं.

गाइड ठरवताना रोजचा दर विचारून थांबू नका. त्याचं जेवण, राहणं, विमा आणि परतीचं भाडं त्यात आहे की नाही, हे कागदावर घ्या. भरियाकडे दोन ट्रेकरचं मिळून वीस किलोंपेक्षा जास्त ओझं देऊ नये, आणि त्याच्याकडे गरम कपडे आणि धड बूट आहेत का, हे निघण्याआधी बघावं. वर त्याला थंडी बाधली तर तुमचाही ट्रेक तिथेच थांबतो.

दिवसांची आखणी

अंतर बघून मुक्काम ठरवायचा नाही, झोपायची उंची बघून ठरवायचा. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपेची उंची सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा जगभरचा नियम. पॅकेज सहलींचे बेत नेमके इथे फसतात.

पहिल्या दिवशी पोखराहून जीपने झिनूच्या अलीकडे उतरायचं. लांब झुलता पूल ओलांडून झिनू डांडा (१,७८० मीटर) आणि तिथून उभा चढ चढून छोम्रोंग (२,१७०). दुसऱ्या दिवशी छोम्रोंगच्या पायऱ्या नदीपर्यंत उतरून पलीकडे सिनुवा, मग बांबू (२,३१०). दम शिल्लक असेल तर दोभान (२,६००). गुडघ्यांची खरी परीक्षा याच दिवशी. दोन काठ्या नसतील तर इथे त्यांची आठवण येते. तिसऱ्या दिवशी 'हिमालय' नावाच्या मुक्कामावरून (२,९२०) देउराली (३,२३०). कुणाचं डोकं दुखत असेल तर हिमालयलाच थांबा.

आता कळीचा टप्पा. बहुतेक लोक चौथ्या दिवशी देउरालीहून थेट बेस कॅम्पला जाऊन तिथे झोपतात. ही एका दिवसात ९०० मीटरची उडी झाली. रात्री ओकाऱ्या आणि धड झोप नाही, मग पहाटेचा सूर्योदय पांघरुणातून बघायचा. त्याऐवजी चौथा मुक्काम माछापुच्छ्रे बेस कॅम्पला (३,७००) करा. देउरालीहून अडीच-तीन तासांचीच चाल आहे. वाट हिंउचुलीच्या उतारांखालून जाते, म्हणून उजाडताच निघून ऊन चढायच्या आत तो पट्टा पार करायचा. ताजा बर्फ पडला असेल तर नदीच्या पलीकडची पर्यायी वाट सुरू आहे का, ते देउरालीच्या लॉजवाल्याला विचारा. तो नको म्हणाला तर नाही जायचं.

पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला टॉर्च लावून निघालात की दोन तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प. चढ सौम्य आहे, पण हवा विरळ असल्यामुळे पावलं आपोआप लहान होतात. समोर अन्नपूर्णा १ (८,०९१ मीटर) आणि मागे माछापुच्छ्रे (६,९९३ मीटर). माछापुच्छ्रे पवित्र मानलं जातं, त्यावर चढाईला परवानगी नाही. बघून झालं की खाली या आणि त्याच दिवशी बांबू गाठा. सहाव्या दिवशी झिनू, तिथले गरम पाण्याचे कुंड. सातव्या दिवशी पोखरा. आठवा दिवस राखीव. हाताशी अजून तीन दिवस असतील तर उल्लेरी, घोरेपानी (२,८६०) आणि पून हिलमार्गे (३,२१०) छोम्रोंगला या. शरीर उंचीला सरावतं आणि पुढचा चढ सुसह्य होतो.

उंची लागली तर

डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं किंवा चक्कर असेल, तर दुसरं कारण सापडेपर्यंत ती उंचीचीच समजा. तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी उतार पडला नाही तर खाली या. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितल्यावर तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच उतरवायचं. पाचशे ते हजार मीटर उतरल्यावर फरक पडतो. अ‍ॅसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर धोका असतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. झोपेची गोळी आणि दारू वर नको.

विमा काढताना 'ट्रेकिंग' या शब्दावर समाधान मानू नका. पॉलिसीत कमाल उंची किती लिहिली आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात येतो का, हे वाचा. किरकोळ डोकेदुखीला हेलिकॉप्टर बोलवायचा आग्रह कुणी धरला, तर आधी विमा कंपनीशी बोला. नको तिथे हेलिकॉप्टर पाठवून खोटी बिलं लावण्याचे प्रकार २०१८ मध्ये उघडकीस आलेले आहेत.

मुक्कामाचे रिवाज

टी-हाउसची (वाटेवरच्या लॉजची) खोली स्वस्त असते, कारण जेवण तिथेच घ्यायचं हे गृहीत असतं. बाहेरून आणलेले थेपले खात बसलात तर भाडं वाढतं आणि यजमानांचे चेहरे पडतात. डाळ-भात मागवा, तो पुन्हा वाढतात. छोम्रोंगच्या वर मांस नेत नाहीत, ती भूमी देवाची मानतात. स्वयंपाकघर एकच असतं, म्हणून रात्रीच्या जेवणाची ऑर्डर पोहोचल्या पोहोचल्या द्या आणि दहा जणांनी दहा पदार्थ मागू नका. चार्जिंग, वायफाय आणि गरम पाण्याचे पैसे वेगळे पडतात. बाटलीबंद पाणी वर मिळत नाही, म्हणून क्लोरीनच्या गोळ्या आणि दोन लिटरची बाटली हवी. गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, पाणी बर्फगार असेल तर एक तास. मोबाइलची बॅटरी थंडीने उतरते, रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. ऑक्टोबरच्या शेवटी वरच्या दोन मुक्कामांना खोल्या भरलेल्या असतात. गाइडला आदल्या सकाळी फोन करून जागा धरायला सांगा, नाहीतर जेवणघरातल्या बाकावर झोपायची तयारी ठेवा.