पोळीचा चंद्र

दर जूनमध्ये एखादी नवी बाई विचारते, "सणांचं काय काय घ्यायचं हो?" हातात रंगवायला गणपतीच्या चित्रांचा गठ्ठा असतोच. मी म्हणते, चित्रं राहू दे, आधी चंद्र घे.

आमची बालवाडी बेलापूरला, दिवाळे कोळीवाड्याजवळ. मुलं चार-पाच वर्षांची. गोष्ट सांगितली की त्यांच्या डोक्यात राक्षस तेवढा उरतो. चंद्र मात्र पावसाळा सोडला तर सगळ्यांच्याच खिडकीतून दिसतो.

मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी हातात घ्यायला लावते. आख्खी पोळी म्हणजे पौर्णिमा. मग एका बाजूने खात जायचं, बारीक कोर उरेपर्यंत. ती कोर उलट्या बाजूला वळवून वर धरली की रमजान ईद, कारण ईदची कोर अमावास्येनंतरची. तीही गट्टम केली की अमावास्या, म्हणजे लक्ष्मीपूजन. वर अंधार, दारात पणत्या. मग भिंतीवरच्या काळ्या कागदावर चंद्र चिकटवतो. पूर्ण चंद्राखाली होळी, बुद्धपौर्णिमा, नारळी पौर्णिमा, गुरू नानक जयंती; कोरीखाली ईद, जरा जाड कोरीखाली गणेश चतुर्थी. संक्रांत आणि नाताळ उरले, तर एका मुलीने सूर्य काढून दोन्ही त्याच्याखाली लावले. संक्रांतीचं बरोबरच आहे, नाताळही सूर्याच्या कॅलेंडरातला, २५ डिसेंबरला ठरलेला. मी हात लावला नाही.

ईद दर वर्षी का सरकते, हे पालकच जास्त विचारतात. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून ती दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. आपलं चांद्रवर्षही तेवढंच, पण अधिक महिना घालून आपण ते सावरतो. म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही.

चंद्रानंतर हातात धरता येईल अशी एक वस्तू. एकच. नारळी पौर्णिमेला आमच्या मावशी घरून नारळ आणि जाळ्याचा तुकडा आणतात. त्या दिवाळ्याच्याच. जून-जुलैत बोटी बंद का असतात ते त्याच सांगतात, मी मागे बसते. एकाने जाळ्यात बोट घालून विचारलं, "एवढी भोकं कशाला?" मावशी म्हणाल्या, "बारकी मासळी निसटू दे. मोठी झाली की येईल परत."

माझी फजितीही सांगते. एका ईदला वर्गातल्या एका मुलाला उभं करून विचारलं, "तुमच्या सणाला काय करतात?" तो आधी गप्प. मग म्हणाला, "शेवया. तुमच्याकडे नाही करत?" करतो की! तेव्हापासून मुलाला उभं करत नाही आणि 'तुमचा सण' म्हणत नाही. "ईदला कोणी काय खाल्लं?" असं सगळ्यांनाच विचारते.

पूजा-प्रार्थना वर्गात करून घेत नाही. राज्यघटनेचं २८वं कलम पालकांच्या संमतीबद्दल काय म्हणतं ते एकदा वाचून ठेवा, सभेत उपयोगी पडतं. खाऊ आणायचा तर सुकामेवा आणि अंडं कोणाला चालत नाही, ते आधी विचारा.

आणि पोळीच्या दिवशी कितीही निरोप पाठवा, दोन-तीन डब्यांत इडली निघतेच. पौर्णिमेला ती उत्तम चालते. कोर मात्र होत नाही, भुगा होतो.